पाच पायांची टाकी

बोरगाव मेघेत राकेशला दोन नावं आहेत. लग्नसराईत तो ड्रोनवाला, आणि लग्नसराई सरली की हरिदासचा तो दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून राहणारा पोरगा. पहिल्या नावाला चहा मिळतो, दुसऱ्याला सल्ला. बँकेची परीक्षा दे, तलाठ्याची दे, काहीच नाही तर मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाक. राकेश सगळ्यांना हो म्हणतो आणि घरी येऊन पुन्हा कॉम्प्युटर सुरू करतो. वर्ध्याच्या कॉलेजातून तो बी.एस्सी. झाला, तेव्हा एकट्या भूमितीने त्याला जीव लावला होता. बाकीच्या विषयांनी त्याला पास करून हात झटकले.

त्याचा नाद असा, की तो फोटोंतून वस्तू उभी करतो. एखादी वस्तू घ्यायची, तिच्याभोवती फिरत शे-दीडशे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरला द्यायचे. कॉम्प्युटर प्रत्येक फोटोत ठळक खुणा शोधतो. कुठे कोपरा, कुठे डाग, कुठे भेग. तीच भेग पुढच्या फोटोत जराशी सरकून दिसते, त्याच्या पुढच्यात आणखी सरकून. जवळची खूण जास्त सरकते, लांबची कमी. तेवढ्यावरून ती खूण कुठे आहे हे गणिताने निघतं, आणि अशा लाखभर खुणा जागच्या जागी बसल्या की पडद्यावर वस्तू उभी राहते. चहूबाजूंनी फिरवून पाहावी अशी. एक डोळा मिटून बोट पाहा, मग दुसरा मिटून पाहा, बोट सरकल्यासारखं वाटतं. गणित तेच, फक्त डोळे दोनाऐवजी दीडशे.

राकेशने पहिल्यांदा आपल्या आईला, पंचफुलाबाईंना, घरातला पाणी भरायचा पितळी गुंड असा पडद्यावर फिरवून दाखवला. त्यांनी गुंड सगळ्या बाजूंनी पाहिला आणि म्हणाल्या, की साजरा हाये, अन् घासावं लागत नाई हे त्याहून साजरं हाये. घरात या विद्येला मिळालेलं हे पहिलं आणि शेवटचं प्रमाणपत्र.

पवनारच्या पुढे, धाम नदीच्या अंगाला एक गाव आहे. राकेशची मोठी बहीण पौर्णिमा तिथे दिली आहे आणि तिथल्याच अंगणवाडीची ती सेविका आहे. माघात त्या गावात एक लग्न होतं आणि शूटिंगची ऑर्डर राकेशकडे होती. नवरदेव कबूल केलेल्या वेळेला आला नाही. नवरदेव तसा कधीच येत नाही, आणि ड्रोनवाल्यांचा सराव याच वेळात होतो. राकेशने ड्रोन उडवला आणि गावाच्या मधोमध उभ्या असलेल्या पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारल्या. सहा चौकोनी खांब, त्यांना बांधणाऱ्या आडव्या तुळया, वर गोल पोट. अंगभर शेवाळ, पाण्याचे ओघळ, जागोजाग पापुद्रे सुटलेला गिलावा. गावाच्या डोळ्याला ती कुरूप होती. राकेशच्या डोळ्याला तिच्यासारखी देखणी दुसरी नव्हती, कारण जितके डाग तितक्या खुणा. शिवाय लग्नातली माणसं ऐन फोटोच्या वेळी हलतात. टाकी हलत नाही. निदान तेव्हा तरी त्याची तशी समजूत होती.

चैत्रात पौर्णिमेचा फोन आला. अंगणवाडीची खोली टाकीच्या अगदी पायथ्याशी आहे. सावली मिळते म्हणून कोण्या शहाण्याने ती तिथे बांधून घेतली. त्या बाजूच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून दिवाळीपासून पाणी झिरपत होतं. खाली काळी माती. ओली झाली की फुगते आणि वजन आलं की दबते, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पौर्णिमा म्हणाली, की आता टाकीत चढणारा लोखंडी पाइप मधेच वाकल्यासारखा दिसतो. तिने दोरीला दगड बांधून खांबाशी लोंबता सोडून पाहिला. दोरी सरळ राहिली, खांब राहिला नाही. ते तिने अण्णाजींना दाखवलं.

अण्णाजी म्हणजे गावाच्या सरपंच आनंदाबाई यांचे यजमान. सरपंच आनंदाबाईच, त्यात वाद नाही. पण गावात कोणी "सरपंच" अशी हाक मारली, की वळून पाहायचे अण्णाजी. ते दोरीकडे पाहून म्हणाले, की टाकी पहिल्यापासूनच तिरपी आहे, ठेकेदाराने बांधलीच तशी, आणि इतकी वर्षं पडली नाही ती आता काऊन पडते. दोरी आजची गोष्ट सांगते. काल खांब कुठे होता, हे दोरीला माहीत नसतं. तिने पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात अर्ज दिला. साहेब येतो म्हणाले, आणि येतो म्हणतच राहिले.

"तुयाजवळ माघातले फोटो हायेत ना," तिने राकेशला विचारलं. "तवाची टाकी अन् आताची टाकी, एकावर एक ठेवून पाह्यता येते का?"

येते, राकेश म्हणाला. आताचे फोटो पाहिजेत फक्त.

"मंग ये. मले सुट्टी देता येत नाई अन् खोली बदलता येत नाई. माये पोट्टे खाली बसून राह्यले, राकेश."

तो निघाला तेव्हा त्याला जरा बरंच वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. या विद्येचं कोणालातरी काम पडलं होतं. मोटरसायकल पवनारचा पूल ओलांडून गावात शिरली, वळणावर टाकी दिसली, आणि त्याने ब्रेक दाबला.

टाकी पिस्ता रंगाची झाली होती. खांबांपासून माथ्यापर्यंत कोरा, चकचकीत पिस्ता रंग, कमरेला गेरूचा पट्टा. शेवाळ खरवडलं होतं, भेगा सिमेंटने बुजवल्या होत्या, पापुद्रे गुळगुळीत केले होते. माघातल्या टाकीवरची एकही खूण उरली नव्हती.

साहेब तपासणीला येणार, हे अण्णाजींच्या कानावर गेलं होतं. मग दुसरं काय करणार? त्या गावात मुलगी पाहायला पाहुणे येणार असले तरी ओटा सारवतात, शाळेत तपासणी असली तरी चुना मारतात. अण्णाजींनी ग्रामपंचायतीतून रंग आणवला, माणसं लावली आणि उन्हात स्वतः उभं राहून दोन हात मारून घेतले. त्यात लपवाछपवी नव्हती. साहेबापुढे टाकी तशी काळीकुट्ट ठेवायची लाज वाटली, इतकंच. राकेशला पाहून ते कौतुकाच्या अपेक्षेने जवळ आले.

"कशी दिसते?"

"साजरी दिसते, अण्णाजी."

"मंग तोंड काऊन असं केलं?"

राकेशने समजावून सांगितलं, की आपल्याला डाग हवे होते. अण्णाजींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बोरगाव मेघेतल्या सल्ला देणाऱ्या मंडळींची नजर त्यापुढे मायेची वाटावी.

तरी त्याने ड्रोन उडवला, फेऱ्या मारल्या, फोटो घेतले आणि पौर्णिमेच्या घरी लॅपटॉप उघडून बसला. पंखा लॅपटॉपकडे वळवला आणि आपण घाम पुसत राहिला. बऱ्याच वेळाने पडद्यावर टाकी उभी राहिली. पोटाला एका बाजूने मोठं टेंगूळ आलेलं होतं. ताज्या रंगावर ऊन चमकत होतं, ड्रोन सरकला की चमकही सरकत होती, आणि कॉम्प्युटरने त्या चमकेलाच खूण समजून मोजलं होतं. राकेशने टाकी खालून फिरवली आणि खांब मोजले. पाच. पुन्हा फिरवली. पाचच.

सहा खांब आधीही एकाच मापाचे होते. पण एकाच्या मानेवर शेवाळ होतं, दुसऱ्याच्या गुडघ्यावर भेग होती, तेवढ्यावर कॉम्प्युटर त्यांना ओळखत होता. आता सहाही एका रंगाचे, एका अंगाचे. कॉम्प्युटरने तिसऱ्या खांबालाच चौथा समजून दोन्ही एका जागी बसवले आणि उरलेली टाकी त्या हिशेबाने पिळून काढली. अशा टाकीला माघातल्या टाकीवर ठेवून काय कळणार होतं? ती सरकली आहे, नाही, की मुळात ती टाकीच नाही?

पौर्णिमा पाठीमागे उभी होती. तिने पाच पाय पाहिले. टाकी कशी दिसते म्हणून डोकावलेल्या अण्णाजींनीही ते मोजले. पौर्णिमेने अर्ज केला होता, गावाशी वाकडं घेतलं होतं, आता भरवसा भावावर होता, आणि भावाने तिला हे जनावर दाखवलं.

राकेश अंगणात जाऊन टाकीकडे पाहत राहिला. डाग गेले, ते गेले. पण रंगाने कडा पुसल्या जात नाहीत. खांब चौकोनी होते, त्यांच्या धारा खालपासून वरपर्यंत सरळ दिसत होत्या. जिथे तुळई खांबाला मिळते तिथे कोपरा होता. वर पोटाची गोल किनार होती. माघातल्या फोटोंतही याच कडा, हेच कोपरे होते. डागांच्या भरवशावर न राहता प्रत्येक फोटोत या रेषा आपण हाताने दाखवून द्यायच्या. दोन बाजूंनी पाहिलेली सरळ कड हवेत एकाच जागी बसते, तिला दुसरी जागा नसते. फक्त कोणती कड कोणत्या खांबाची, हे चुकायला नको. जुन्या फोटोंत शिडी आणि पाइप कोणत्या खांबाशी आहेत ते दिसत होतं, तिथून मोजत जाता येत होतं. नव्या फोटोंत शिडी-पाइपही त्याच रंगात खांबाशी मिसळले होते, तिथे एका फेरीत, एका उन्हात सहा खांब वेगळे दिसायला हवे होते. प्रत्येक खांबाला काहीतरी वेगळं चिकटवायला पाहिजे, तो म्हणाला.

पौर्णिमा आत गेली आणि अंगणवाडीच्या भिंतीवरचे तक्ते काढून घेऊन आली. फळांचा, भाज्यांचा, पाळीव प्राण्यांचा, वाहनांचा, अंकांचा आणि शरीराच्या अवयवांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुलांना खिचडी लवकर खाऊ घातली आणि घरी पाठवलं. तक्रार व्हायची ती होऊ दे, म्हणाली. मग दोघं भाऊबहीण चिकटपट्टी घेऊन टाकीखाली गेले. पंप सुरू होता. डोक्यावर टाकीच्या पोटात पाणी पडत होतं. आधी रिकाम्या हंड्यात पडावं तसं खणखणीत, मग टाकी भरत गेली तसा आवाज घोगरा होत गेला, आणि शेवटी थांबला. आवाज थांबल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जितकं पाणी त्या पोटात मावतं तितकं आता वर होतं, आणि ते तिथे होतं असं एरवी कधी जाणवलं नव्हतं. व्हॉल्व्हच्या बाजूला माती अशी मऊ होती, की राकेशची चप्पल रुतून बसली. चप्पल सोडवताना त्याने खांबाला हात टेकला आणि तापल्या तव्यावरून काढावा तसा मागे घेतला. ढकलल्यासारखं होईल म्हणून. स्वतःचंच त्याला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

ड्रोन वर गेला. उन्हाचा वारा सुटला होता, ड्रोन थरथरत होता, पडद्यावर बॅटरी उतरत होती आणि तापल्याची सूचना येत होती. खालची फेरी झाली, मधली झाली. शेवटची फेरी अर्ध्यावर आली तेव्हा व्हॉल्व्हच्या बाजूच्या खांबावरचा प्राण्यांचा तक्ता वरून सुटला आणि गाय-म्हैस उलटी लोंबायला लागली. आता थांबून खाली उतरवलं तर बॅटरी पुन्हा पुरणार नव्हती, आणि ऊन बदललं की चमकही बदलणार होती.

पौर्णिमा धावली. राकेशने नको म्हणायच्या आत ती टाकीखाली होती. तिने तक्ता दोन्ही हातांनी वर धरला आणि पाठ खांबाला लावून उभी राहिली.

"तू उडव," ती ओरडली नाही, नुसतं म्हणाली. "मी हलत नाई."

ती उरलेली फेरी राकेशने कशी काढली, हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. घाई केली तर फोटो हलणार, आणि सावकाश केलं तर ती तितका वेळ तिथे उभी राहणार. त्याने सावकाश केलं. ड्रोन उतरला. पौर्णिमा बाहेर आली, पदराने मान पुसली आणि तक्त्याची घडी घालत म्हणाली, की कागद साधा घेतात, जाड घेतला असता तर टिकला असता.

मग कडा दाखवण्याचं काम. एकेक फोटो, एकेक खांब, एकेक कोपरा. जेवण झाकून तसंच राहिलं. दुपार कलली तेव्हा टाकी उभी राहिली. सहा पाय. टेंगूळ नाही.

आता माघातली टाकी. दोन्हींना एका जागी आणायला जे हललं नाही असं काहीतरी लागतं. ते टाकीपासून लांब होतं: हातपंपाचा ओटा, शाळेची भिंत, मारुतीचं जोतं. नशीब, रंग संपला होता, नाहीतर अण्णाजींनी तेही सोडलं नसतं. राकेशने ओटा टेपने मोजला, त्या मापाने दोन्ही आकृत्यांचं माप बसवलं आणि एक दुसरीवर ठेवली. ओट्यावर ओटा बसला, भिंतीवर भिंत बसली. फरक कुठे निघालाच तर बोटभर.

टाकीवर टाकी बसली नाही. पाय जवळपास जागेवर होते, व्हॉल्व्हच्या बाजूचे किंचित खचलेले. वर जावं तसा फरक वाढत होता. माथ्याशी करडी टाकी आणि पिस्ता टाकी यांच्यात चार बोटांचं अंतर होतं, अंगणवाडीच्या बाजूला.

राकेशने लॅपटॉप मिटला आणि पुन्हा उघडला. अंतर होतंच. चूक कुठे असेल हे तो शोधू लागला, आणि चुकीला जागा पुष्कळ होत्या. कडा त्याने स्वतः डोळ्यांनी दाखवल्या होत्या. ऐन उन्हात, जीव टांगलेला असताना. ज्या माणसाच्या टाकीला काल पाच पाय होते, त्याने आज चार बोटांची गोष्ट कोणत्या तोंडाने सांगावी? ऐन उन्हाळ्यात टाकी रिकामी करा म्हणायचं, गावाच्या डोक्यावर हंडे द्यायचे, आणि उद्या साहेबाने येऊन काही नाही म्हटलं तर? ताईला त्या गावात राहायचं होतं. तो तर मोटरसायकलवर बसून निघून जाणार.

मग त्याला आकृतीत काहीतरी वेगळं दिसलं. त्याने टाकी खालून फिरवली. व्हॉल्व्हच्या बाजूच्या खांबाला चिकटून एक माणूस उभा होता. चेहरा नीट उतरला नव्हता, पण खांदे होते, वर धरलेले दोन हात होते, लुगड्याचा घोळ होता. पौर्णिमा हलली नव्हती, म्हणून कॉम्प्युटरने तिलाही टाकीचाच भाग समजून उभी केली होती. तिच्या डोक्यावर पिस्ता रंगाचं पोट होतं, चार बोटं तिच्याकडे आलेलं.

राकेश उठला आणि लॅपटॉप घेऊन अण्णाजींच्या घरी गेला.

ओट्यावर अण्णाजी होते. आनंदाबाई बाजूला मोहरी निवडत बसल्या होत्या. राकेशने दोन टाक्या दाखवल्या. अण्णाजींनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, की काल तूच सांगून राहिला होता टाकीले पाच पाय हायेत म्हणून. राकेश म्हणाला, काल चुकलं होतं. अण्णाजी म्हणाले, मग आज कशावरून बरोबर? साहेब परवा येणार आहे, त्याच्याजवळ दुर्बीण असते, सरकारी शिक्का असतो, त्याला पाहू दे. टाकी रिकामी केली तर गाव सरपंचाला काय म्हणेल? लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं सांगतलं अन् यांनी पाणी बंद केलं? त्यांचं म्हणणं इतकं रास्त होतं, की राकेशला ते स्वतःचंच वाटलं.

आनंदाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि सरकून जवळ आल्या. त्यांचा नातू आदेश अंगणवाडीत होता, हे राकेशला माहीत होतं, पण त्यांनी नातवाचं नाव काढलं नाही.

"हे राखट ते माघातलं?"

"हो, काकू."

"अन् हिरवं आताचं. तुयं चुकू शकते का?"

"चुकू शकते."

"कितीनं?"

"अर्धं बोट. लय झालं तर बोटभर."

"अन् सरकली किती?"

"चार."

आनंदाबाईंनी पडद्याकडे बोट नेलं, पण टेकवलं नाही. "अन् ही कोण उभी हाये?"

"ताई. सकाळी कागद धरून होती."

त्यांनी त्या बिनचेहऱ्याच्या बाईपासून वरच्या हिरव्या पोटापर्यंत बोट हवेतच नेलं. मग अण्णाजींकडे वळल्या.

"पाणी सोडाले सही लागते ना?"

"सहीचं काय त्यात," अण्णाजी म्हणाले. "पण मी म्हणतो का साहेब..."

"सही मायी लागते. एवढे दिवस तुम्ही म्हटलं तिथं केली. आज मले करावशी वाटते, तर कागद आणा."

अण्णाजींनी बायकोकडे पाहिलं, राकेशकडे पाहिलं, आणि मग ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं म्हणून उठले.

संध्याकाळच्या आत गावात हाळी फिरली, की असेल नसेल ते भांडं भरून घ्या. पाणी सोडणाऱ्या माणसाने व्हॉल्व्हपाशी जायला नकार दिला, आणि तो देणारच. मग अण्णाजी धोतर खोचून स्वतः गेले. ते विश्वास ठेवून गेले नाहीत; टाकीला काही होत नाही हे दाखवायलाच गेले असावेत. पण चाक फिरवून झाल्यावर परत येताना ते चालत आले नाहीत, जरा भरभरच आले. पाणी नाल्याकडे धावू लागलं. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या आणि राकेशकडे पाहत होत्या, आणि त्या पाहण्याला लग्नातल्या कॅमेऱ्याकडे पाहण्याची सर नव्हती.

मुलांना कुठे बसवायचं, हा प्रश्न उरला. पौर्णिमेने बौद्ध विहाराचा हॉल सुचवला. एकीने, विहारात काऊन, असं हळूच विचारलं. तिथे पंखे आहेत, पौर्णिमा म्हणाली. गावात पंख्याचा दुसरा हॉल नव्हता आणि ऊन सगळ्यांनाच लागत होतं, म्हणून प्रश्न तिथेच संपला. सकाळी आदेशला आनंदाबाई स्वतः कडेवर घेऊन आल्या.

राकेशला मात्र चैन नव्हतं. टाकी रिकामी झाली, मुलं निघाली, पण त्याची चार बोटं खरी की खोटी, हे कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी ऊन चढायच्या आत त्याने तक्ते परत चिकटवले, या वेळी दोरीने बांधून, आणि तिसऱ्यांदा ड्रोन उडवला. टाकी हलली नसेल आणि चूक त्याच्या डोळ्यांची असेल, तर पाण्याने काय फरक पडणार होता? भरलेली काय, रिकामी काय, तेवढीच चूक निघायला हवी.

विहाराच्या पायरीवर बसून त्याने कडा दाखवल्या. आत मुलं बडबडगीत म्हणत होती आणि एक कोणीतरी रडत होतं. दुपारच्या आत तिसरी टाकी उभी राहिली. त्याने ती पहिल्या दोन्हींवर ठेवली. ओट्यावर ओटा, भिंतीवर भिंत. आणि माथा चारवरून अडीच बोटांवर आला होता. वजन उतरलं तशी टाकी थोडी मागे गेली होती. सगळी नाही. जितकं पाण्याने वाकवलं होतं तितकीच. बाकीचं खाली मातीत गेलं होतं, ते परत येणार नव्हतं.

त्याने आत डोकावून बहिणीला खुणेने बोलावलं.

"मांगं आली," तो म्हणाला.

"किती?"

"दीड बोट."

पौर्णिमेला गणित समजावून सांगावं लागलं नाही. ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली आणि आतून कोणीतरी "मॅडम" म्हणून ओढत नेईपर्यंत बसून राहिली.

साहेब परवा आले नाहीत, त्याच्याही दोन दिवसांनी आले. तिपाई लावून दुर्बिणीतून पाहिलं, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सळई खुपसून पाहिली, सळई जेवढी आत गेली ते पाहून सळईकडे पुन्हा एकदा पाहिलं, आणि टाकी कोणी रिकामी करायला सांगितली असं विचारलं. अण्णाजी पुढे झाले, सवयीने. मग थांबले, मागे वळले आणि म्हणाले, सरपंचांनी.

साहेबांनी टाकीच्या उंचीइतकं अंतर मोजून चहूबाजूंनी दोरी बांधायला लावली. अंगणवाडीची खोली दोरीच्या आत आली. सामान काढायला फार वेळ लागला नाही. वजनकाटा राकेशने उचलला, खिचडीचं पातेलं अण्णाजींनी. पौर्णिमेने खोलीला कुलूप लावलं आणि दोरीखालून वाकून बाहेर येत किल्ली आनंदाबाईंच्या हातात दिली.